रिक्षाला 10 इंची अलॉय आणि ट्यूबलेस टायर लावावेत का?

हडपसर_स्टँड

नमस्कार मंडळी. माझी 2019 ची बजाज आरई आहे, सीएनजी, पुण्याचं परमिट. हडपसर, कॅम्प, स्वारगेट, कधी लांबचं भाडं मिळालं तर हिंजवडी, असा धंदा. गेल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चौदा पंक्चर झाली. मी वहीत लिहून ठेवतो म्हणून आकडा सांगू शकतो. पंक्चरचे पैसे एक वेळ परवडतात. पण एकदा मगरपट्ट्याजवळ एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन बसल्या होत्या, मागचं चाक बसलं, आणि मी स्टेपनी लावेपर्यंत त्या दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या होत्या. वीस मिनिटं. ते अजून डोक्यातून जात नाही.

आता तिन्ही टायर घासलेत, बदलायचेच आहेत. एका दुकानदाराने 10 इंची अलॉय आणि त्यावर स्कूटरचे 3.50-10 (साडेतीन इंच रुंद, 10 इंची रिमचे) ट्यूबलेस टायर दाखवले. म्हणाला, सरळ बसतात, काही कापावं लागत नाही, गाडी अर्धा इंच उचलली जाते, खड्ड्यात कमी आपटते. स्टेपनी धरून चार चाकांचे बावीस हजार. माझ्या गाडीला आत्ता 4.00-8 आहेत, ट्यूबवाले, दोन तुकड्यांची लोखंडी रिम.

खरंच सरळ बसतात का? मीटरवर काही फरक पडतो का? पासिंगला अडवतील का? बावीस हजारांत पोराची वर्षाची फी निघते, म्हणून आधी विचारतोय.

उद्यमनगर_फिटर

दादा, मी कोल्हापुरात तीनचाकीचंच काम करतो, बावीस वर्षं झाली. अलॉयचं नंतर बघू, आधी रिमचं समजून घ्या.

तुमची रिम म्हणजे दोन थाळ्या एकमेकींवर ठेवून नटांनी आवळलेल्या. त्या जोडातनं हवा जाणारच, म्हणून आत ट्यूब लागते. त्याच रिमवर ट्यूबलेस टायर चढवून "झाली गाडी ट्यूबलेस" असं कुणी म्हणालं तर तिथनं उठून या. ट्यूबलेस पाहिजे असेल तर रिम अखंड पाहिजे, टायरचा काठ घट्ट धरणारी, आणि वॉल्व्ह पण ट्यूबलेसचा.

आणि दोन तुकड्यांच्या रिमला दोन जातीचे नट असतात हे प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक पाहिजे. एक चाक हबला (चाक जिथं बसतं त्या मधल्या भागाला) धरणारे, दुसरे दोन थाळ्या एकमेकींना धरणारे. स्टेपनी बदलताना फक्त हबचे काढायचे. थाळ्यांच्या नटांना वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय पान्हा लावायचा नाही. माझ्याकडं शिकायला आलेल्या पोरानं घाईत चुकीचे नट ढिले केले, चाकात हवा तशीच. वरची थाळी उडाली आणि हनुवटीला लागली, सात टाके पडले. तवापासनं गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक रिक्षाच्या त्या नटांना मी पिवळा रंग मारतो. गिऱ्हाईक विचारतं हे काय, तर त्याला पण सांगतो: पिवळ्याला हात लावायचा नाही.

डोंबिवली_पूर्व

मी दोन वर्षं अलॉय वापरतोय, पण 8 इंचीच. 10 इंचीच्या वाटेला गेलो नाही. अखंड रिम, त्यावर 4.00-8 चेच ट्यूबलेस टायर. नव्या आरईला कंपनीतूनच ट्यूबलेस येतात, त्यामुळे 8 इंचीत ट्यूबलेस टायर शोधायला फिरावं लागत नाही.

पंक्चरचं सांगतो. खिळा घुसला तरी तो आतच अडकून राहतो आणि हवा हळूहळू जाते. भाडं सोडून, स्टँडवर येऊन, भोकात रबरी दोरी मारून दहा मिनिटांत मोकळं. ट्यूब असली की खिळा ट्यूब फाडतो आणि चाक जागच्या जागी बसतं. तुम्ही त्या बाईंचं लिहिलंय ना, ते ट्यूबलेसमध्ये बहुतेक झालं नसतं.

पण माझ्या हातून एक चूक झाली होती, ती सांगायलाच हवी. पहिला सेट लावला तेव्हा दुकानातल्या मुलाने जुनेच नट वापरले. तिसऱ्या दिवशी शिळफाट्याच्या अलीकडे मागून टक टक आवाज यायला लागला. मला वाटलं बेअरिंग गेलं. गाडी बाजूला घेतली, पाहतो तर डाव्या चाकाचे दोन नट गायब आणि उरलेले बोटांनी फिरताहेत. मागे तीन सीट बसलेल्या होत्या. त्या दिवशी दुपारनंतर गाडी चालवली नाही मी.

उद्यमनगर_फिटर

डोंबिवलीकर, देवाची कृपा म्हणायची. हे का झालं ते सांगतो. अलॉयच्या भोकाला शंकूसारखी बैठक असते आणि लोखंडी रिमचा नट बऱ्याचदा चपटा असतो, नाहीतर गोलसर. बैठक एक आणि नट दुसरा असला की नट नुसता कडेवर टेकतो. पान्ह्यावर घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण चाक चार किलोमीटर फिरलं की सैल.

दुसरं, अलॉयचा गाभा लोखंडी पत्र्यापेक्षा जाड असतो. त्यामुळं जुना स्टड (नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा) तोकडा पडतो, नट तीन-चार आट्यांवरच लटकतो. नटाचे सगळे आटे स्टडवर बसले पाहिजेत. बसत नसतील तर ते चाक तुमच्या गाडीचं नाही, मग कितीबी चकाकूदे. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळत जायचं. आणि नवीन चाक लावल्यावर पन्नास-साठ किलोमीटरनं परत एकदा पान्हा फिरवायचा. मी गिऱ्हाइकाला त्यासाठी दुसऱ्या दिवशी फुकट बोलवतो.

मोजपट्टी

हडपसर दादा, मी पिंपरीत वाहनांचे सुटे भाग तपासण्याच्या कामात आहे. माझे वडील रिक्षा चालवायचे, त्यामुळे या विषयावर थोडं मोठं लिहितो.

दुकानदार "सरळ बसतात" म्हणाला. भोकं जुळली की चाक लागतं, हे खरं. बसतं का, हे पाहायला अजून काही गोष्टी मोजाव्या लागतात, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची कुणी मोजतच नाही. ती म्हणजे वजन.

टायरच्या बाजूवर साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. 66 म्हणजे एका टायरने 300 किलो उचलायचे, 71 म्हणजे 345. स्कूटरच्या 3.50-10 वर बऱ्याचदा 51 लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ 195 किलो. आता तुमची गाडी घ्या. रिकामी साधारण साडेतीनशे किलो, तुम्ही आणि तीन प्रवासी मिळून तीनशे. झाले साडेसहाशे. इंजिन मागे, प्रवासी मागे, म्हणजे यातलं दोन तृतीयांशाहून जास्त मागच्या दोन चाकांवर. सत्तर टक्के धरले तर एका मागच्या चाकावर सव्वादोनशेच्या वर. 195 चा टायर तिथे पहिल्याच भाड्याला कमी पडतो. सामान, खड्डा, ब्रेक हे सगळं त्याच्यावर वेगळं. 3.50-10 मध्ये जास्त वजनाचे टायरही मिळतात, 59 म्हणजे 243 किलो, पण तिथेही हाताशी काही उरत नाही. स्कूटरचा टायर वाईट नसतो. तो दोन माणसांच्या गाडीसाठी बनवलेला असतो, इतकंच.

आता मीटर. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. 4.00-8 चा कागदावरचा व्यास: 8 इंच रिम आणि वर-खाली चार-चार इंच, एकूण 16. 3.50-10 चा 10 अधिक साडेतीन अधिक साडेतीन, एकूण 17. म्हणजे मोठं चाक एका फेरीत सहा टक्के जास्त रस्ता कापतं आणि मीटरला ते कळतच नाही. तुमचा मीटर सील झाला तो 16 इंची चाकावर. दिवसाला 60 किलोमीटर भाड्याचे होत असतील तर साडेतीन किलोमीटर रोज फुकट. पुण्यात सप्टेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरनंतर किलोमीटरला 17 रुपये, म्हणजे दिवसाला 60 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरा, दीड हजाराच्या वर गेले. बावीस हजार भरून वर हा हप्ता.

हे कागदावरचे आकडे आहेत. खरा टायर वजनाखाली दबतो आणि प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो. तुम्हाला जमलं तर मोजून बघा: चाकावर आणि जमिनीवर खडूची खूण करा, ड्रायव्हर सीटवर माणूस बसवा, गाडी ढकलत बरोबर दहा फेऱ्या करा आणि अंतर टेपने मोजा.

निफाड_मार्केट

मोजपट्टी साहेब, फार उपयोगी लिहिलंत. माझी मालवाहू आपे तीनचाकी आहे, बारामतीच्या कारखान्यातली. तिला कंपनीतूनच 4.50-10 येतात, 8 पीआर (म्हणजे आठ थरांच्या ताकदीचे). द्राक्षाच्या हंगामात क्रेट भरून निफाडहून नाशिक. आमच्याकडे काही पोरांनी सीट (माणसं नेणाऱ्या) रिक्षालासुद्धा हेच 4.50-10 टाकलेत, पुढे मडगार्ड कापून. त्याला वजनाची अडचण नाही, मग तो पर्याय कसा?

मोजपट्टी

वजनाचा प्रश्न सुटतो, बाकीचे तीन उभे राहतात. 4.50-10 चा व्यास कागदावर 19 इंच. 16 वरून 19 वर गेलात की इंजिनाची ओढ जमिनीपर्यंत पोचताना सोळा टक्क्यांनी कमी होते, कारण गिअर तोच आणि चाक मोठं. चढावर गाडी पहिल्या गिअरमध्येच राहते, क्लच जळतो. ब्रेकचंही तेच: ड्रम तोच, चाक मोठं, म्हणून जमिनीवरची पकड सोळा टक्क्यांनी कमी. मालवाहू आपेचे ब्रेक आणि गिअर 19 इंची चाक धरूनच बनवलेले असतात, तुमच्या गाडीत हिशोब जुळतो. आरईत जुळत नाही.

आणि तिसरं, गाडी उलटण्याचं. चारचाकी वळणावर बाहेरच्या दोन चाकांच्या रेषेवर कलंडते. रिक्षाचं तसं नाही. पुढे एकच चाक, त्यामुळे कलंडण्याची रेषा पुढच्या चाकापासून मागच्या एका चाकापर्यंत तिरकी जाते आणि गाडीच्या पोटाच्या अगदी जवळून जाते. वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, म्हणजे त्रिकोण जिथे निमुळता आहे तिकडेच. अशा गाडीला दीड इंच उचलणं म्हणजे चारचाकीला दीड इंच उचलण्यासारखं नाही.

उद्यमनगर_फिटर

याला माझी साक्ष. पन्हाळ्याला माणसं नेणारा एक रिक्षावाला मोठी चाकं लावून आला होता. चढाला तीन माणसं घेऊन गाडी ओढंना, आणि उतरताना ब्रेक पोटापर्यंत दाबावा लागायचा. आठवड्यात जुनी चाकं परत लावून गेला. नवीन क्लच प्लेटचा खर्च झाला तो झालाच.

अजून एक, पुढच्या चाकाचं कुणी लिहिलं नाही. रिक्षाचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, एका दांडीवर. रिमची वाटी एवढीच खोल असते की टायर बरोबर गाडीच्या मध्यरेषेवर येतो. बाहेरच्या अलॉयची वाटी दहा मिलिमीटरनं जरी कमी-जास्त असली तर चाक मधून सरकतं. हँडल एका बाजूला ओढतं, आणि ब्रेक मारला की आणखीन ओढतं. गिऱ्हाईक म्हणतं कोन-सेट (हँडलच्या दांडीचं बेअरिंग) गेला, चार ठिकाणी पैसे घालवतं. मागं वाटी उथळ असली तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर जादा जोर. खोल असली तर आतल्या दांडीला टायर घासतो.

मोजायला सोपं आहे. जुनं चाक पालथं ठेवा, रिमच्या काठावर सरळ पट्टी आडवी टाका, आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजा. नवीन चाकाचं तसंच मोजा. रिमची रुंदी सारखी असंल आणि हे अंतर मिलिमीटरला मिलिमीटर आलं, तरच पुढं जायचं. मधलं भोक पण मोजा, हबवर खेळ नको.

वर्धा_रोड

मी नागपूरला ई-रिक्षा चालवते, तीन वर्षं झाली. माझ्या गाडीला 12 इंची चाकं, 3.75-12. तुमच्यापेक्षा गाडी वेगळी, पण एक अनुभव सांगते.

पहिले टायर गेले तेव्हा मी जास्त पकडीचे, मोठ्या गुट्ट्यांचे टायर घेतले. वाटलं पावसात बरं पडेल. पूर्वी एका चार्जिंगमध्ये 85 किलोमीटर व्हायचे, ते 76 वर आले. बॅटरी खराब झाली म्हणून मी घाबरले नं, दुकानात तपासून आणली, बॅटरी ठीक. मग एका ओळखीच्या भाऊंनी सांगितलं की टायर जड झालाय, रस्त्याला चिकटतोय. पुढच्या वेळी साध्या उभ्या रेघांचा टायर पुढे आणि कमी खोल नक्षीचा मागे घेतला, पुन्हा 83 पर्यंत आली. सीएनजीलाही मायलेज आहेच, म्हणून लिहिलं.

हवेचंही सांगते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्ता भाजतो. गाडी चालून आल्यावर हवा मोजली तर काटा वर दिसतो, आणि पोरगा म्हणतो ताई हवा जास्त झाली, सोडतो. सोडू देऊ नका. सकाळी गाडी थंड असताना मोजायची, गाडीच्या पुस्तकात दिलेली ठेवायची. पुस्तकात किलोत असते आणि पंपावर पाउंडात, हवेच्या दाबात एक किलो म्हणजे 14.2 पाउंड, वजनातला हिशोब इथे लावू नका.

परमिट_विभाग

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. साइज तोच ठेवून दुसऱ्या कंपनीचा टायर घेणं वेगळं, आणि 8 चं 10 करणं वेगळं. तुमची गाडी 2019 ची, म्हणजे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग आणि नंतर दरवर्षी. प्रत्येक वेळी हा प्रश्न पुन्हा येणार. अपघात झाला तर विम्याच्या सर्वेअरची नजरही आधी तिथेच जाते.

टायरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 15627 हा आकडा बघून घ्या, दुचाकी-तीनचाकीच्या टायरचं ते मानक आहे. नक्षीची खोली तीनचाकीला किमान 0.8 मिलिमीटर हवी. टायर गोटा होईपर्यंत थांबू नका. आणि तयार झाल्याची तारीख बघा: टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे, 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

हडपसर_स्टँड

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल पहाटे साडेपाचला, स्टँडवर गर्दी व्हायच्या आत, मोजपट्टी साहेबांनी सांगितलं तसं मोजलं. माझ्यासोबत आणखी दोघे होते. एकाने मागच्याच महिन्यात नवे 4.00-8 टाकलेत, दुसऱ्याकडे 10 इंची अलॉय आहेत.

चाकावर पांढऱ्या खडूची रेघ मारली, तिच्या बरोबर खाली फरशीवर दुसरी. एक जण सीटवर, एक जण ढकलायला, आणि मी वाकून मागच्या चाकाच्या फेऱ्या मोजायला. प्रत्येक गाडी दोनदा. माझे घासलेले 4.00-8, दहा फेऱ्यांत 12 मीटर 35 सेंटीमीटर. नवे 4.00-8, 12 मीटर 62. अलॉयवरचे 3.50-10, 13 मीटर 20. म्हणजे नव्या टायरपेक्षा साडेचार टक्के जास्त. साहेबांनी कागदावर सहा सांगितले होते, प्रत्यक्षात थोडे कमी आले, पण माझ्या 60 किलोमीटरला दिवसाचे 45 रुपये जातातच. ज्याची ती गाडी आहे तो गप्प उभा राहिला. म्हणाला, आठ महिने झाले, मला वाटायचं धंदाच मंद आहे.

त्याच्या टायरवर आम्ही टॉर्च मारून पाहिलं. 51 लिहिलेलं होतं. आणि तो सकाळी शाळेची सहा मुलं नेतो.

अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझे घासलेले टायर नव्यापेक्षा 27 सेंटीमीटरने कमी भरले. म्हणजे इतके दिवस माझा मीटर गिऱ्हाइकाकडून शंभराला दोन किलोमीटर जास्त लावत होता. मला माहीत नव्हतं, पण आता माहीत झालंय.

मोजपट्टी

दादा, तुम्ही मोजलंत याचा फार आनंद झाला. माझे कागदावरचे सहा टक्के तुमच्या साडेचारने सुधारून घ्यावेत. त्या मित्राला सांगा की टायर आजच बदलायला हवेत. सहा मुलं आणि 51 चा टायर, यात अलॉयच्या पैशांचा विचार नंतर करता येईल.

मागच्या दोन चाकांचा व्यास नेहमी सारखा हवा, हेही लिहून ठेवतो. एक नवा आणि एक घासलेला लावला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअल (वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) सतत फिरत राहतो आणि गाडी एका बाजूला झुकते. मागचे टायर जोडीनेच बदला, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. साइजमध्ये मधे आडवी रेघ असली, जशी 4.00-8 मध्ये, तर टायर साधा बायस, म्हणजे आतले धागे तिरके. तिथे आर असेल तर रेडियल, म्हणजे धागे काठापासून काठापर्यंत सरळ. मागे एक साधा, एक रेडियल असं कधीच नको.

निफाड_मार्केट

आमच्याकडे मागे रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) सर्रास लावतात. पैसे वाचतात हे खरं आहे आणि बारक्या माणसाला ते वाचवावेच लागतात, मी नाव ठेवणार नाही. पण पुढे रिमोल्ड लावू नका. एप्रिलमध्ये पिंपळगावच्या पुढे माझ्या मागच्या उजव्या चाकाची वरची पट्टी सुटली. दीड वीत लांब तुकडा मडगार्डला आपटत होता. मागे होती म्हणून गाडी सरळ थांबवता आली, दुसऱ्या चाकाने धरलं. पुढचं चाक एकटं आहे. ते गेलं तर धरायला दुसरं कुणी नाही.

डोंबिवली_पूर्व

+1. आमच्या स्टँडवर उलटं करतात, नवे टायर मागे आणि उतरलेला पुढे. "पुढे वजन कमी असतं" म्हणून. वजन कमी असतं, पण हँडल तिथेच आहे. मी सगळ्यात चांगला टायर पुढेच ठेवतो, उभ्या रेघांचा.

हडपसर_स्टँड

आज काम झालं, म्हणून लिहितो.

10 इंचीचा विचार सोडला. 8 इंची अखंड लोखंडी रिम घेतल्या, अलॉय नाहीत. जुनं चाक दुकानात घेऊन गेलो आणि फिटर दादांनी सांगितलं तसं पट्टी टाकून मोजलं. पहिल्या दुकानात काठापासूनचं अंतर सहा मिलिमीटरने कमी भरलं, तो म्हणाला चालतंय की, मी निघून आलो. दुसऱ्या दुकानात तंतोतंत जमलं. त्या दुकानदाराला मोजण्याचं कारण सांगितलं तर त्याने स्वतःच नट बदलून दिले आणि स्टडवर पूर्ण आटे बसतात का ते हाताने फिरवून दाखवलं.

टायर 4.00-8 ट्यूबलेस, तिन्ही 66 चे, याच वर्षीच्या तारखेचे. पुढे उभ्या रेघांचा, मागे जोडी. स्टेपनीलाही अखंड रिम आणि त्यावर पुढच्यासारखाच नवा टायर, म्हणजे ती तिन्ही ठिकाणी चालेल. सगळं मिळून साडेतेरा हजार गेले.

जोडून झाल्यावर तीन जण मागे बसवले, एक माझा मुलगा. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मग गतिरोधकावरून दोनदा नेली आणि खाली वाकून पाहिलं, कुठे घासल्याची खूण नाही. दहा फेऱ्या मोजल्या, 12 मीटर 60. साठ किलोमीटर झाल्यावर संध्याकाळी पान्हा फिरवला. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव आटा सरकला, बाकीचे जागेवर होते.

एक विचारायचं राहिलं. जुन्या दोन तुकड्यांच्या चार रिम घरी आहेत, गंज नाही. कुणा गरजूला द्यायच्या आहेत, पैसे नकोत. स्टँडवरच्या त्या मित्राला दोन देतोय, त्याचे 10 इंची उद्या उतरवणार आहोत आणि त्याला 4.00-8 ट्यूबवाले टाकणार आहोत. उरलेल्या दोन कुणाला हव्यात का?

उद्यमनगर_फिटर

दादा, द्यायच्या आधी थाळ्यांच्या नटांना पिवळा रंग मारा.